शून्य, खाडा आणि वाचता न आलेली नोंद : डेटाटाइप सुरक्षितपणे कसा बदलावा?

धागाकर्ता

नमस्कार. आमच्या गावातील दूध संकलन केंद्रासाठी मी गेल्या पावसाळ्यात हिशेबाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) यांवरून दर ठरतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. सचिवांच्या वहीतील नोंदी दोन मुले ब्राउझरमधील एका पानावर टंकित करत असत. सकाळच्या नोंदी एक मुलगा, संध्याकाळच्या दुसरा.

दुसऱ्याच बिलाच्या वेळी एक वयस्कर सभासद बाई बिलाचा कागद घेऊन केंद्रावर आल्या. त्यांच्या कागदावर संध्याकाळच्या रकान्यात दहाच्या दहा दिवस खाडा दिसत होता. "माझ्या म्हशीनं एक संध्याकाळ चुकवली नाही, आणि तुमच्या कागदावर ती दहा दिवस उपाशी," असे त्या म्हणाल्या. वही उघडली तेव्हा दहाही नोंदी ठळक अक्षरांत तेथे होत्या.

कारण शोधायला मला रात्रीचे दोन तास लागले. सकाळचा मुलगा इंग्रजी कीबोर्ड वापरत होता आणि संध्याकाळचा मुलगा मराठी. मी जावास्क्रिप्टमधील पार्सफ्लोट हे फंक्शन वापरले होते. त्याला देवनागरी आकडे दिले तर ते "नॉट अ नंबर" ही खूण परत करते, आणि त्या ओळीच्या शेवटी मीच "अथवा शून्य" असे लिहून ठेवले होते, म्हणजे रिकामा रकाना आल्यास प्रोग्रॅम अडू नये. त्या दोन शब्दांमुळे "साडेसात लिटर" या नोंदीचे "दूधच घातले नाही" असे रूपांतर झाले, आणि तेही कोणताही संदेश न देता. त्या पंधरवड्यात ज्या घरांचे संध्याकाळचे दूध असे गळाले त्या प्रत्येक घरी मी सचिवांबरोबर जाऊन आलो आणि फरकाची रक्कम दिली गेली, परंतु ती बाई कागद घेऊन आली नसती तर काय झाले असते हा विचार मनातून जात नाही.

आता मी सर्व प्रोग्रॅम पायथनमध्ये नव्याने लिहीत आहे. स्ट्रिंगचा (म्हणजे मजकूर म्हणून आलेल्या अक्षरांचा) आकडा, आकड्याची स्ट्रिंग, दशांशाचा पूर्णांक, अशी डेटाटाइप, म्हणजे किंमतीचा प्रकार, बदलण्याची ठिकाणे मोजली तर ती चाळीसहून अधिक भरली. या प्रत्येक ठिकाणी नेमकी कोणती काळजी घ्यावी, आणि आपण आपापल्या भाषेत हे कसे करता, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

अंकलिपी

आपण मूळ दोष अगदी बरोबर ओळखला आहे. "अथवा शून्य" हे दोन शब्द मी स्वतः अनेक ठिकाणी पाहिले आहेत आणि त्यांच्याइतकी महाग पडणारी सोय दुसरी नाही. शून्य ही आपल्या हिशेबातील खरी, अर्थपूर्ण किंमत आहे: त्या दिवशी खाडा होता असे ती सांगते. रिकामा रकाना म्हणजे नोंद झाली नाही. वाचता न आलेली नोंद म्हणजे नोंद झाली आहे, पण प्रोग्रॅमला ती कळलेली नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, वहीतही त्या वेगळ्याच दिसतात, आणि प्रकार बदलताना त्या एका शून्यात मिसळल्या की पुढे कोणालाही त्या परत वेगळ्या काढता येत नाहीत.

देवनागरी आकड्यांबाबत प्रत्येक भाषेचे वागणे निराळे आहे आणि आपल्यासारख्या मराठीत काम करणाऱ्यांनी ते पाठ करून ठेवावे असे मला वाटते. पायथन ३ मध्ये इंट (पूर्णांक करणारे) आणि फ्लोट (दशांश संख्या करणारे) ही दोन्ही फंक्शने "१२३" आणि "७.५" मुकाट वाचतात, कारण युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरयादीने ज्यांना दशमान अंक म्हटले आहे ते सर्व त्यांना चालतात; एवढेच नव्हे, तर अर्धे आकडे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी असले तरीही चालतात. जावामधील पार्सइंट हेही देवनागरी वाचते. जावास्क्रिप्ट, रस्ट आणि गो यांना मात्र केवळ इंग्रजी आकडे कळतात. म्हणून एका भाषेतून दुसरीत जाताना "तिथे चालत होते" या अनुभवावर विसंबू नये. नोंद आत येताच देवनागरी आकडे इंग्रजीत बदलावेत, मागचापुढचा रिकामा भाग काढावा, आणि मग उरलेली संपूर्ण स्ट्रिंग आपल्याला हव्या त्या साच्यात बसते का ते तपासावे.

"संपूर्ण" या शब्दावर मी भर देतो. पार्सफ्लोटची दुसरी खोड अशी की ते स्ट्रिंगच्या सुरुवातीला जेवढा आकडा सापडेल तेवढा घेते आणि उरलेले टाकून देते. इंग्रजी आकड्यांत "१,२४,५००" दिल्यास ते पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि एक लाख साडेचोवीस हजारांऐवजी आपल्याला फक्त एक मिळतो. त्याच भाषेतील नंबर हे फंक्शन या बाबतीत कडक आहे आणि अशा स्ट्रिंगला नकार देते. पण रिकाम्या स्ट्रिंगचे ते शून्य करते, म्हणजे तुमचीच चूक ते भाषेच्या पातळीवर करते. पायथन "१,२४,५००" ला व्हॅल्यूएरर देऊन थांबते, जे योग्य आहे, पण ३.६ या आवृत्तीपासून "१_०००" अशी अधोरेखा असलेली स्ट्रिंग त्याला चालते.

आधी इझडिजिटने (स्ट्रिंगमध्ये फक्त अंकच आहेत का हे सांगणाऱ्या फंक्शनने) तपासून मग इंट वापरावे असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. तसे करू नये. घातांकासाठी वर लिहिला जाणारा लहान दोन इझडिजिटला अंक वाटतो, पण इंट त्यावर एरर देते. आधी विचारायचे एकाला आणि काम द्यायचे दुसऱ्याला, असा हा प्रकार होतो. रूपांतर करून पाहावे आणि त्याने दिलेला नकार ऐकावा, हाच सरळ मार्ग आहे.

रोजकीर्द

मी लेखापालाचे काम करते आणि प्रोग्रॅमिंग नंतर शिकले, म्हणून पैशांपुरते लिहिते.

बिलाची रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, आणि फ्लोटमधून पैसे काढताना इंट तर मुळीच वापरू नका. समजा, अर्धा लिटर दूध आले आणि दर ३९ रुपये ९८ पैसे आहे. रक्कम १९.९९ रुपये. तिला शंभराने गुणून इंट केले तर १९९९ पैसे मिळायला हवेत, मिळतात १९९८. कारण १९.९९ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही, गुणाकार १९९८.९९९९ असा थोडा कमी येतो, आणि इंट जवळच्या पूर्णांकाकडे न जाता दशांश भाग सरळ कापून टाकते. प्रत्येक नोंदीवर जास्तीत जास्त एक पैसा जातो. दिवसाला दोन नोंदी, दहा दिवस आणि दोनशे सभासद धरले तर फार तर चाळीस रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण ताळा जुळत नाही, आणि ज्याचा ताळा जुळत नाही त्या हिशेबावर सभासदाने विश्वास का ठेवावा?

पायथनमध्ये डेसिमल (दशांश संख्या नेमकी ठेवणारा प्रकार) वापरा, मात्र ते स्ट्रिंगमधून बनवा. डेसिमलला आधीच फ्लोट झालेला ०.१ दिला तर तो बिघाडासकट जसाच्या तसा आत येतो: एकानंतर सोळा शून्ये आणि मग ५५५१ अशी शेपटी दिसते. स्ट्रिंग म्हणून "०.१" दिला तर नेमका ०.१ मिळतो. किंमत एकदा फ्लोटमधून गेली की नंतर कितीही चांगल्या प्रकारात घातली तरी हरवलेले परत येत नाही.

पूर्णांकन कोठे आणि कसे करायचे हे भाषेवर सोडू नका. पायथनचे राउंड अडीचचे दोन करते आणि साडेतीनचे चार, म्हणजे नेमक्या अर्ध्यावर ते सम संख्येकडे जाते. जावाचे मॅथ राउंड अडीचचे तीन करते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी रास्त आहेत, परंतु केंद्राचा ठराव काय म्हणतो ते विचारून तोच नियम कोडमध्ये नावानिशी लिहावा.

लोखंडीपूल

मी वाहनांत बसवल्या जाणाऱ्या नियंत्रक संगणकांसाठी सी आणि अलीकडे रस्टमध्ये काम करते. वरचे दोन्ही प्रतिसाद स्ट्रिंग आणि दशांश यांविषयी आहेत. मी मोठ्या प्रकारातून लहान प्रकारात जाण्याविषयी लिहिते, आणि त्यासाठी एका जुन्या दुर्घटनेकडे थोडे सविस्तर पाहावे लागेल.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशादर्शक यंत्रणा बंद पडली, रॉकेट झपाट्याने वळले, त्यावरील ताण वाढून ते तुटू लागले आणि स्वतःहून नष्ट झाले. त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. चौकशी मंडळाच्या अहवालानुसार ६४ बिटांच्या फ्लोटचे १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात रूपांतर करताना ही सुरुवात झाली. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या वरची संख्या मावत नाही, आणि आडव्या वेगाशी निगडित असलेली ती किंमत त्याहून मोठी झाली होती.

हा कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. एरियान ४ चा मार्ग निराळा असल्यामुळे तेथे ती किंमत एवढी वाढतच नसे. अशा धोक्याची सात व्हेरिएबल्स लिहिणाऱ्यांना माहीत होती; चारांना संरक्षण दिले आणि तीन तशीच सोडली, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि त्या तीन किंमतींना भौतिक मर्यादा आहे किंवा वाढायला पुरेशी जागा आहे असे मानले गेले. शिवाय ज्या कामासाठी ही गणना चालू होती त्या कामाची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजच नव्हती.

आता माझा खरा मुद्दा. हा प्रोग्रॅम ॲडा भाषेत होता, आणि ॲडाने आपले काम चोख केले: किंमत मावत नाही हे ओळखून तिने एक्सेप्शन, म्हणजे काम अडल्याची सूचना, दिले. धागाकर्त्यांच्या जावास्क्रिप्टप्रमाणे ती गप्प बसली नाही. तरीही रॉकेट गेले, कारण त्या नकाराचे पुढे काय करायचे याचा एकच नियम ठरलेला होता, तो म्हणजे प्रोसेसर थांबवणे. तो नियम यंत्रात अचानक होणारे बिघाड डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. राखीव यंत्रणेत तोच कोड असल्यामुळे ती ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने थांबली होती. आणि थांबलेल्या यंत्रणेने पाठवलेला निदानाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वाचला. हेही पाहिले तर प्रकाराचाच घोटाळा आहे: एका अर्थाचे बिट दुसऱ्या अर्थाने घेतले गेले.

म्हणून भाषा एरर देते एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक रूपांतर हा एक प्रश्न असतो, त्याचे उत्तर "नाही" असे येऊ शकते, आणि ते उत्तर कोण ऐकणार व ऐकून काय करणार हे कोड लिहिण्याच्या वेळीच ठरलेले असले पाहिजे. धागाकर्त्यांनी "नाही" चे शून्य केले, रॉकेटच्या प्रोग्रॅमने "नाही" ऐकताच सगळेच थांबवले. दोन्हीकडे मधला मार्ग कोणी आखलाच नव्हता.

भाषांविषयी थोडक्यात: सी मध्ये मोठ्या फ्लोटचा न मावणारा पूर्णांक करणे हे अपरिभाषित वर्तन आहे, म्हणजे काय मिळेल याची कोणतीही हमी नाही. स्ट्रिंगसाठी एटॉय वापरू नये, कारण ते चुकीच्या स्ट्रिंगलाही शून्यच देते. स्ट्रटॉल वापरून ते कोठे थांबले आणि मर्यादा ओलांडली का हे दोन्ही पाहावे. जावात ३०० ला बाइट या आठ बिटांच्या प्रकारात कोंबले तर मुकाट ४४ मिळतात. लाँग या मोठ्या पूर्णांकाचा इंट करताना मॅथ टूइंटएक्झॅक्ट वापरले तर न मावणाऱ्या किंमतीला एक्सेप्शन मिळते. रस्टमध्ये "ॲज" लिहिले तर तेच ४४ मिळतात, पण "ट्रायफ्रॉम" वापरले तर उत्तर यश किंवा अपयश अशा वेष्टनात येते, आणि ते वेष्टन उघडल्याशिवाय किंमत हाती लागत नाही. मला ही रचना फार आवडते. जेथे काहीच हरवणार नाही तेथे "फ्रॉम", जेथे हरवू शकते तेथे "ट्रायफ्रॉम", आणि वाचणाऱ्याला नुसत्या नावावरून धोका कळतो.

ओसरी

सर्व पटले, परंतु एक व्यावहारिक अडचण मांडते. धागाकर्ते म्हणतात चाळीस ठिकाणे आहेत. चाळीस ठिकाणी अशी तपासणी घातली तर मूळ हिशेब त्या गर्दीत दिसेनासा होईल, आणि सहा महिन्यांनी तो कोणालाच वाचता येणार नाही. मग तपासणी वगळण्याचा मोह पुन्हा होणारच.

अंकलिपी

शंका योग्य आहे, आणि उत्तर असे की चाळीस ठिकाणे असू नयेत. बाहेरून नोंद आत येते त्या उंबऱ्यावर एकदाच रूपांतर करावे आणि आत फक्त रूपांतरित किंमतच फिरू द्यावी. घरात शिरताना पाय धुतले की प्रत्येक खोलीच्या दाराशी ते पुन्हा धुवावे लागत नाहीत. हिशेबाच्या आत स्ट्रिंग आढळली तर ती तेथे पोहोचलीच कशी, हे शोधावे.

चाळीसपैकी बरीच रूपांतरे मुळात अनावश्यक असतील असाही माझा अंदाज आहे. सभासद क्रमांक आपण इंटमध्ये बदलता का? बदलत असाल तर थांबवा. ज्याची कधी बेरीज करायची नाही ती संख्या नव्हे, ती खूण आहे. "००७" चा ७ केला की ती खूण बिघडते. मोबाइल क्रमांक, पिन कोड आणि बँक खाते क्रमांक यांचेही तेच. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. जावास्क्रिप्टचा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचेच सर्व पूर्णांक नेमके ओळखतो, त्यापुढे दोन शेजारच्या संख्या एकच होऊन बसतात.

आपल्याकडे तलाठी कार्यालयातील नोंदी एक्सेलमध्ये घेणाऱ्यांना एक त्रास हमखास होतो: गट क्रमांक १२, हिस्सा ३ म्हणून इंग्रजी आकड्यांत "१२/३" लिहिले की त्याची तारीख होते, बारा मार्च. मूळ नोंद आत कोठेही शिल्लक राहत नाही. जनुकशास्त्रात हाच त्रास इतका वाढला की मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये "मार्च १" आणि "सेप्ट १" यांसारखी तारखेत बदलणारी नावेच बदलून टाकली. न विचारता केलेल्या रूपांतरापुढे शास्त्रज्ञांना नावे बदलावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते. एक्सेलमध्ये रकाना आधी मजकूर म्हणून ठरवावा आणि मगच नोंदी घ्याव्यात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठ दिवसांत मी याप्रमाणे बदल केले आणि काय आढळले ते येथे नोंदवून ठेवतो.

आता एकच फंक्शन नोंद वाचते आणि तीनपैकी एक उत्तर देते: किंमत मिळाली, रकाना रिकामा आहे, किंवा वाचता आले नाही. तिसरे उत्तर आले तर मूळ स्ट्रिंग, सभासद क्रमांक, तारीख आणि वेळ यांसह ती ओळ वेगळ्या यादीत जाते, आणि ती यादी सचिवांनी पाहून सही केल्याशिवाय बिल छापले जात नाही. खाडा केवळ "निरंक" असे लिहिले असेल तरच धरला जातो. रक्कम स्ट्रिंगमधून थेट डेसिमलमध्ये येते. सभासद क्रमांक स्ट्रिंगच राहतो. चाळीस ठिकाणांची पाच उरली.

गेल्या वर्षीच्या वह्या टंकित केलेली फाइल यातून घातली तेव्हा सतरा ओळी बाजूला पडल्या. काहींत लिटरच्या पुढे "लि." लिहिलेले होते, दोनांत अर्ध्याची एकत्र खूण (½) होती. उरलेल्या ओळींत इंग्रजी सातापुढे दोन उभ्या रेघा, नवापुढे दोन उभ्या रेघा असे काही होते. मला ती टंकनाची चूक वाटली. सचिवांना यादी दाखवली तेव्हा त्यांनी वहीचे पान उघडून त्यावर बोट ठेवले: "७॥". ते म्हणाले, "हे साडेसात आहे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. मला वडिलांनी असंच शिकवलं." मुलाने रेघा दिसल्या तशा टंकित केल्या होत्या, आणि माझ्या जुन्या पार्सफ्लोटने त्यातील सात तेवढा उचलून अर्धा लिटर टाकून दिला असता.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून पूर्ण फाइल वहीशी ताडून पाहिली, आणि एक ओळ अशी सापडली जी कोणत्याही तपासणीत अडली नव्हती. वहीत "७।" म्हणजे सव्वासात होते आणि टंकित झाले होते इंग्रजी आकड्यांत ७१. ती निर्दोष संख्या आहे. पायथन, रस्ट किंवा ॲडा, कोणीही तिला हरकत घेणार नाही. त्या घरी दोनच म्हशी आहेत हे फक्त सचिवांना माहीत होते. म्हणून आता प्रत्येक सभासदाच्या मागील तीस नोंदींवरून वरची मर्यादा काढतो आणि तिच्या बाहेरची किंमतही यादीत जाते. उभ्या रेघांची लिपी फंक्शनला शिकवली आहे, कारण सचिवांनी या वयात लिहिण्याची पद्धत बदलावी असे मला वाटत नाही.

वही लिहिताना रेघ आकड्याला चिकटली तर तिचा एक होतो, एवढी अडचण मात्र उरली आहे. टंकनाच्या पानावर पाव, अर्धा आणि पाऊण यांची तीन बटणे द्यावीत असा विचार आहे. कोणी असे पान केले असल्यास त्याची रचना कळवावी.